फुकटची वाट

फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी आम्हां यवतमाळकरांना उपजतच थोडा संशय. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : गाडीभाडे माफ करणारा व्यापारी ते भावात वसूल करतो!

२०१५ साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने भारतात फुकट इंटरनेट देऊ केले, तेव्हा माझा हा संशय जागा झाला. फुकट ते निवडक संकेतस्थळांपुरतेच, आणि आत कोणाला घ्यायचे याचे नियम फेसबुकचे. पुढे ‘फ्री बेसिक्स’ म्हणून गाजलेली योजना ती हीच. त्या डिसेंबरात मार्क झुकरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला दिला. हवामान, बाजारभाव त्याला फुकट कळू लागले होते म्हणे. क्षणभर मन विरघळले. काहीच नसण्यापेक्षा थोडे काय वाईट?

पण लगेच आमची शकुंतला आठवली. यवतमाळ-मूर्तिजापूरची ही अरुंद रुळांची गाडी आता बंद पडली आहे. पण ती जन्मली कापसासाठी. रेल्वेने कोणा एका गिऱ्हाइकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये, हे १८९०च्या कायद्यातच होते. समजा, तिने एकाच अडत्याच्या गाठी फुकट वाहिल्या असत्या तर? चार दिवस शेतकरी खूष झाला असता. मग बाकीचे अडते उठले असते, आणि भाव सांगणारा एकच उरला असता.

इंटरनेट तरी दुसरे काय? वाटच ती. लाखो लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला हेच लिहून कळवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला : मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायचे नाहीत, मोडाल तर दिवसाला पन्नास हजार दंड, जास्तीत जास्त पन्नास लाख. आणीबाणीच्या सेवेला तेवढी सवलत. बरोबरच आहे, रुग्णवाहिकेला वाट द्यावी, सावकाराच्या वरातीला कशाला? जुलै २०१८मध्ये सरकारने वेगातला दुजाभावही अमान्य केला.

उद्या दारव्ह्याच्या एखाद्या पोरीने कापसाचे भाव सांगणारे संकेतस्थळ काढले, तर शेजारच्या काकांच्या फोनवर ते धनाढ्याच्या पानाइतक्याच सहज उघडले पाहिजे. आणि गरिबाला फुकट द्यायचेच असेल, तर थोडे द्या, पण सबंध इंटरनेट द्या. त्यात काय पाहायचे, ते त्याचे त्याला कळते.