अब्बांच्या पायावरचा व्रण

आमच्या अब्बांच्या डाव्या घोट्यावर एक जुना व्रण आहे. लहानपणी आम्ही भावंडे त्यावर बोट ठेवून विचारायचो, तेव्हा ते एकच शब्द सांगत, ‘नारू’. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात सगळे बारवेत उतरून पाणी भरत. त्या पाण्यातून पोटात गेलेला नारू वर्षभराने पाय फोडून बाहेर यायचा. दादी तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायची.

२९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शंभरी पूर्ण करून वारले. दुसऱ्या दिवशी रात्री दस्तरखानावर विषय निघाला. धाकटा म्हणाला, “अमेरिकेचे सगळे अध्यक्ष सारखेच.”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कार्टर १९७७ ते १९८१ सत्तेवर होते. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या या माणसाने १९७७ च्या शेवटच्या रात्री तेहरानमध्ये शहांच्या मेजवानीत इराणला स्थैर्याचे बेट म्हटले. तेव्हा शहांच्या तुरुंगांत माणसांचा छळ चालू होता. पुढे १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला त्यांनी इजिप्त आणि इस्रायलचा समझोता घडवला. पण पॅलेस्टिनींचा प्रश्न तसाच राहिला.

अब्बा म्हणाले, “हे सगळं खरं. पण हिशेबाचं दुसरं पानही उलटा.”

दुसरे पान खुर्ची गेल्यानंतरचे. कार्टर यांच्या संस्थेने १९८६ पासून नारूचा पाठलाग केला. त्या काळी दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा. त्यावर लस नाही, औषध नाही. पाणी कापडातून गाळून प्यायचे आणि नारू निघालेल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, एवढेच गावोगाव पटवायचे. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना जवळजवळ सहा महिने लढाई थांबवायला लावली, ती याच कामासाठी. २००६ मध्ये पॅलेस्टाईनवर पुस्तक लिहून त्यांनी मायदेशात मोठी टीका ओढवून घेतली.

“मग तुमचा नारू कार्टरनी घालवला?” धाकट्याने विचारले.

“नाही रे. तो आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी घालवला. बारवेच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले.” भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. “पण पायातून नारू निघताना काय होतं, ते मला माहीत आहे. दुसऱ्यांच्या मुलांना ते होऊ नये म्हणून कुणी इतकी वर्षं झटला, तर मी ते विसरणार नाही.”

२०१५ मध्ये कॅन्सर झाल्याचे कळल्यावर कार्टर म्हणाले होते की, शेवटचा नारू आपल्या आधी मरावा. ते गेले त्या वर्षी जगभरात फक्त १५ जणांना नारू झाला. चार वर्षे सत्ता होती. सत्तेविना जवळजवळ ४४ वर्षे गेली.

खरे सांगायचे तर, अब्बांचेही मस्जिद कमिटीतले पद दोन महिन्यांपूर्वी गेले होते. तेव्हापासून ते नमाज होताच मान खाली घालून घरी येत. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मात्र ते बराच वेळ आले नाहीत. आम्ही पाहायला गेलो, तर अब्बा बाह्या दुमडून वजूखान्याचा गळका नळ बदलत होते.

“पाना धरा जरा,” ते म्हणाले. आम्ही धरला.