वादोवित्सेचे शेजारी

पोलंडच्या दक्षिणेस, क्राकोव शहरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, बेस्किड डोंगरांच्या पायथ्याशी आणि स्कावा नदीच्या काठी वादोवित्से नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. आजही त्याची वस्ती वीस हजारांच्या आतच आहे. जुन्या दप्तरांत या गावाचा उल्लेख चौदाव्या शतकापासून आढळतो. १७७२ साली पोलंडची पहिली फाळणी झाली आणि हा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. १९१८ साली देश पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गावाने परकी अंमल सोसला. लष्करी छावणी, कचेऱ्या, शाळा, चर्च आणि बाजार एवढाच त्याचा संसार. १८ मे १९२० रोजी कारोल वोयतिला नावाचे बालक तेथे जन्मास आले नसते, तर आपल्यापैकी कुणाच्या ओठी या गावाचे नाव आले असते असे मला वाटत नाही.

हेच बालक पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. १९८६ साली ते भारतात आले. मुंबई, पुणे व गोवा येथील भाविकांना त्यांचे दर्शन घडले. २०१४ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. संत घडतो तरी कसा, या कुतूहलाने मी त्यांच्या गावाविषयी वाचू लागलो. उत्तर चर्चमध्येच मिळेल अशी माझी समजूत होती. ते तेथे मिळालेही. पण त्याचा अर्धा भाग चर्चच्या दाराबाहेर होता.

वोयतिला कुटुंबाचे बिऱ्हाड चर्चला अगदी लागून होते. घराच्या खिडकीसमोर चर्चच्या भिंतीवरील छायाघड्याळ दिसे. काळ पळतो आहे, अनंतकाळ वाट पाहतो आहे, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेले आहेत. त्या शब्दांचा प्रत्यय बाळ कारोलला फार लवकर आला. १९२९ साली, वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो आईला मुकला. १९३२ साली डॉक्टर असलेला थोरला भाऊ रुग्णसेवा करताना जडलेल्या आजाराने गेला. उरले ते सेवानिवृत्त सैनिक असलेले वडील आणि त्यांची प्रार्थना.

परंतु त्या बिऱ्हाडाचे घरमालक यहुदी होते, ही गोष्टही विसरता येत नाही. युद्धापूर्वी गावाच्या सुमारे दहा हजार वस्तीत दोन हजारांच्या आसपास यहुदी होते. येझी क्लुगेर हा कारोलचा वर्गमित्र. त्याचे वडील यहुदी समाजाचे प्रमुख होते. एकदा शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल सांगण्यासाठी येझी धावत थेट चर्चमध्ये शिरला. यहुद्याचा मुलगा येथे कसा, असे एका बाईंना नवल वाटले. त्यावर, आपण सारी एकाच देवाची लेकरे नाही का, असे कारोल सहज म्हणाला. ही आठवण पुढे क्लुगेर यांनीच सांगितली.

१९३९ साली जर्मन सैन्य आले. सिनेगॉग उद्ध्वस्त झाले. १९४२ साली यहुद्यांना एका कोंडवाड्यात डांबण्यात आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तो रिकामा करण्यात आला. आउश्वित्झची छळछावणी तेथून जेमतेम तीस किलोमीटरवर होती. क्लुगेर यांची आई व बहीण तेथेच मारल्या गेल्या. मुलांची मैत्री त्या दोन हजार जिवांना वाचवू शकली नाही, हे सत्य मला फार दिवस बोचत राहिले. मग शेजारधर्माचे मोल ते काय?

उत्तर हळूहळू उमगले. १९६५ साली ते दोन मित्र रोममध्ये पुन्हा भेटले आणि दुरावलेला धागा जुळला. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल रोममधील सिनेगॉगमध्ये गेले, आणि यहुदी हे आपले थोरले बंधू आहेत असे म्हणाले. १९८९ साली वादोवित्से येथील सिनेगॉगच्या जागी स्मृतिफलक बसविण्यात आला, तेव्हा त्यांनी क्लुगेर यांना पत्र लिहून त्या प्रार्थनामंदिराचे स्मरण केले. बालपणी रुजलेले बी पन्नास वर्षांनी फळाला आले होते. शेजारधर्म संकट टाळू शकेलच असे नाही. परंतु संकटानंतर समेटाची वाट तोच मोकळी ठेवतो.

आपल्या कोकणातही बेने इस्रायली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत सुखाने नांदली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांतील बहुसंख्य पुढे इस्रायलला गेले, पण त्यांना कुणी हाकलले नाही. याचा आपल्याला अभिमान वाटावा; मात्र तेवढ्यावर विसावू नये. आज आपल्या धर्मग्रामांभोवती नव्या इमारती उठत आहेत आणि नव्या धर्मांचे, नव्या भाषांचे शेजारी येत आहेत. नाताळची कुसवारे त्यांच्या दारी पोहोचतात का? आपल्या मुलांना त्यांच्या मुलांची नावे ठाऊक आहेत का?

वादोवित्सेला जाणारे यात्रेकरू तेथील क्रीम केक आवडीने खातात, कारण १९९९ च्या भेटीत पोपमहोदयांनी शाळकरी वयातील त्या गोडीची आठवण काढली होती. केक अवश्य खावा. चर्चमधील बाप्तिस्मा-कुंडापुढे गुडघेही टेकावेत. १९७९ साली पोप म्हणून प्रथमच गावी आले तेव्हा त्यांनी तेच केले. मग चार पावले पुढे जाऊन त्या स्मृतिफलकापाशी क्षणभर उभे राहावे. संताचे गाव तेथवर पसरलेले आहे.