अठ्ठ्याऐंशी कॅरेटचं अंडं

माझी धाकटी बहीण सुरतेत कतारगामला राहते. तिच्या इमारतीत कुणी अंडं आणत नाही. शेजारी बहुतेक सौराष्ट्रातून हिऱ्यांच्या कामासाठी आलेले, कट्टर शाकाहारी. फोंड्याच्या घरात मासळीशिवाय न जेवणारी आमची ही पोर, पण तिनेही शेजारधर्म पाळला. कबुतराला मात्र हे कोण सांगणार? गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो तेव्हा बाल्कनीत चार काटक्या टाकून त्याने दोन अंडी घातली होती. त्यातलं एक घरंगळून खालच्या कुंडीत पडलं. फुटलं नाही, पण गार पडलं होतं. भाच्याने ते उचललं आणि थेट वडिलांच्या हिरे तोलायच्या काट्यावर ठेवलं.

"मामा, अठ्ठ्याऐंशी कॅरेट!"

भावोजींनी कपाळाला हात लावला. मी मात्र जित्याची खोड म्हणून आकडेमोड करायला बसलो. पाच कॅरेटचा एक ग्रॅम, म्हणजे अंडं झालं साडेसतरा ग्रॅमचं. कबुतर साधारण ३५० ग्रॅमचं. म्हणजे अंगाच्या विसाव्या हिश्शाएवढं अंडं!

तेव्हापासून मला या विषयाचा नादच लागला. वाचत गेलो तशी गंमत कळली. पक्षी मोठा तसं अंडं मोठं हे खरं, पण त्या प्रमाणात नाही. शहामृगाचं अंडं जवळपास दीड किलोचं, तरी मादीच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपासच. आपली चिमणी २५ ग्रॅमची, तिचं अंडं मात्र तिच्या दहाव्या हिश्शाएवढं. आणि न्यूझीलंडची किवी? कोंबडीएवढी दिसणारी, अडीच-तीन किलोची मादी जवळजवळ साडेचारशे ग्रॅमचं अंडं घालते!

पण मला सगळ्यात विचारात पाडलं ते आपल्या टिटवीने. ती कबुतराहून हलकी, तरी अंडं कबुतरापेक्षा थोडं मोठंच, आणि तीही सहसा चार. कारण तिचं घरटं उघड्या जमिनीवर. पिल्लू बाहेर आलं की काही तासांत त्याला पळता यायला हवं, स्वतःचं भक्ष्य स्वतः टिपायला हवं. म्हणून लागेल ती शिदोरी अंड्यातच बांधून दिलेली. किवीचं पिल्लू तर पहिले काही दिवस पोटातल्या बलकावरच काढतं, आईबाप त्याला भरवतच नाहीत. कबुतराचं उलट. पिल्लू आंधळं, उघडंबोडकं. अंड्यात कमी दिलेलं पुढे फेडायचं, नर-मादी दोघांनीही. गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य ती दोघं त्याला भरवतात.

म्हणजे द्यायचं तर दोघांनाही आहे. एक आधी देते, एक नंतर.

हे सगळं त्याच मुक्कामात रात्री जेवताना सांगत होतो. बहीण मध्येच म्हणाली, "दादा, हे जरा याच्या बाबांनाही सांग." तेव्हा कळलं, भाच्याला दहावीनंतर शाळा सोडून घंटीवर बसायचंय, हिरे घासायला. भावोजी म्हणत होते, "मीही त्याच वयात बसलो. अडलं का काही?" खरंच काही अडलं नव्हतं. त्याच कमाईच्या घरात मी जेवत होतो. मी काय बोलणार? एवढंच म्हणालो, "टिटवीचं पिल्लू पळतं, कारण त्याला शिदोरी मिळालेली असते. याला ती मिळालीय का, तेवढं बघा."

भावोजी काही बोलले नाहीत. हात धुवून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. दुसरं अंडं फुटलं होतं. "मामा, पिल्लू केवढं मोठं झालंय, तरी दोघं अजून भरवतायत त्याला!"

"आणि तुझं काय ठरलं?"

"बाबा म्हणाले, बारावीपर्यंत मी आहे. पुढचं पुढे बघू."