मैलांची वही

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे राहून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी तेथील रस्ते, बर्फ आणि दुकाने यांविषयी आजवर इतके लिहिले आहे की, त्यात आम्ही भर घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहो ती फार लहान आहे. आमच्या चिरंजीवांच्या मोटारीत ठेवलेली, तळहाताएवढी, रेघा आखलेली ती एक वही आहे. ती आमच्या स्वाधीन असून तिच्यात आम्ही मैल लिहितो. ज्यांची मुले अमेरिकेत घरे घेऊन भाड्याने देतात अशी कुटुंबे आता आपल्या वाचकांतही थोडीथोडकी नसतील. त्यांस हा विषय उपयोगी पडेल, आणि इतरांस निदान करमणुकीचा वाटेल.

आमचे चिरंजीव न्यू जर्सी संस्थानातील एडिसन येथे राहतात. पोटापाण्यास नोकरी आहेच. शिवाय बारा-पंधरा वर्षांच्या काटकसरीतून त्यांनी दोन लहान घरे घेऊन भाड्याने दिली आहेत. एक न्यू ब्रन्सविक येथे, रटगर्स विद्यापीठाच्या जवळ. त्यात विद्यार्थी राहतात. दुसरे त्या संस्थानाची राजधानी ट्रेंटन येथे. त्यात एक कुटुंब राहते. घरमालक म्हटला म्हणजे महिनाअखेर गादीवर बसून भाड्याची पावती फाडणारा गृहस्थ, अशी आपल्याकडील जुनी समजूत असते. तेथील लहान घरमालक नळवाला, सुतार, माळी आणि बर्फ उपसणारा गडी सर्व काही स्वतःच असतो, कारण मजुरी तेथे भाड्याच्या मानाने फार महाग. शनिवार उजाडला की चिरंजीव हत्यारांची पेटी घेऊन निघतात, आणि २०२३ च्या डिसेंबरात आमचे वास्तव्य तेथे झाल्यापासून पुष्कळदा आम्हीही त्यांच्या शेजारी बसून जातो.

या जाण्यायेण्यास जो खर्च होतो तो भाड्याच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा तेथील प्राप्तिकराचा कायदा देतो. त्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट अशी की, पेट्रोल, तेल, टायर, विमा, दुरुस्ती, घसारा या सर्वांचा प्रत्यक्ष खर्च मांडावा आणि मोटार जितकी या कामास वापरली तितका हिस्सा वजा करावा. दुसरी वाट सुटसुटीत आहे. सरकार दर मैलामागे एक दर जाहीर करते. २०२४ सालासाठी तो ६७ सेंट होता व २०२५ सालासाठी ७० सेंट. कामाचे मैल त्या दराने गुणले की झाले. पेट्रोल, विमा व घसारा सर्व त्यातच आले. वाहन उभे करण्याचे शुल्क व रस्त्यावरील जकात मात्र वेगळी मांडता येते. स्वतःच्या मालकीची मोटार असेल तर ही दुसरी वाट पहिल्याच वर्षी धरावी लागते; पहिल्या वर्षी ती सोडली तर त्या मोटारीपुरती ती पुढे मिळत नाही. पहिल्या वर्षी मैलांचा दर घेतला असेल तर पुढे प्रत्यक्ष खर्चाकडे वळता येते. पुष्कळ लहान घरमालकांप्रमाणे आमच्या चिरंजीवांनीही मैलांचाच दर धरला आहे.

पण मैल किती, हे केवळ तोंडी सांगून भागत नाही. कोणत्या तारखेस, कोठे, किती मैल आणि कोणत्या कामासाठी, या चार गोष्टींचा पुरावा हवा. या कडकपणामागे एक मनोरंजक इतिहास आहे. जॉर्ज कोहॅन नावाचे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील एक विख्यात नट व नाटककार होते. त्यांनी प्रवासावर व पाहुणचारावर पुष्कळ पैसा खर्च केला, पण हिशेब ठेवला नाही. कर ठरविणाऱ्या मंडळाने सगळाच खर्च नामंजूर केला. १९३० साली वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निर्णय दिला की, खर्च झाला हे उघड असताना तो शून्य धरणे न्याय्य नव्हे. अंदाजाने काही तरी द्यावे, मात्र हिशेब न ठेवण्याचा दोष ज्याचा त्याच्याकडेच अंदाजातील तूट जावी. या निर्णयाचा आधार घेऊन पुढे तीस वर्षे लोक अंदाज बांधीत राहिले. १९६२ साली विधिमंडळाने प्रवास व पाहुणचार यांच्यापुरते अंदाजाचे दार बंद केले. १९८४ साली मोटारीही त्याच कक्षेत आल्या, आणि नोंद त्याच वेळी केलेली असली पाहिजे असाही शब्द कायद्यात घातला गेला. त्यावर देशभर इतकी ओरड झाली की पुढच्याच वर्षी, १९८५ साली, तो शब्द काढून टाकावा लागला. तथापि पुराव्याची अट राहिलीच. आणि जागच्या जागी केलेली नोंद ही मागाहून आठवून केलेल्या नोंदीपेक्षा अधिक विश्वसनीय, हे तत्त्वही राहिले.

हे वाचून आपल्याकडील घरमालकास आश्चर्य वाटेल. पुण्यात सदाशिव पेठेत आमच्याही दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. आपल्या प्राप्तिकराची रीत अगदी निराळी. भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा भरलेला कर वजा करावा, आणि उरलेल्या रकमेच्या शेकडा ३० सरसकट सोडून द्यावे. घरासाठी कर्ज काढले असेल तर त्याच्या व्याजाची वजावट वेगळी. पण दुरुस्ती, देखरेख, हेलपाटे हे सगळे त्या तिसात आले. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली आहे. गळक्या छपरापायी दहा खेपा घातल्या काय आणि वर्षभर तिकडे फिरकलो नाही काय, वजावट तीच. या रीतीत सोय आहे, भांडणास जागा कमी आहे. तेथील रीतीत प्रत्येकाच्या श्रमांचे माप त्याच्या त्याच्या मानाने होते. पण ते माप ज्याने त्याने स्वतः धरावयाचे असते, आणि मापाचा कस तेथेच लागतो.

कस कोठे लागतो ते एका शनिवारच्या उदाहरणाने सांगतो. एडिसनच्या घरून न्यू ब्रन्सविकचे घर, ७ मैल. तेथे नळाचे चामडे गेलेले दिसले म्हणून सामानाच्या दुकानात, ३ मैल. परत घरी, ३ मैल. तेथून ट्रेंटन, २७ मैल. काम आटोपून परत एडिसन, ३३ मैल. एकूण ७३. सामान्य माणूस म्हणेल, सगळा दिवस भाड्याच्या घरांसाठी गेला, तेव्हा ७३ मैल लिहावे. कायदा तसे म्हणत नाही. राहत्या घरून भाड्याच्या घराकडे जाणे व तेथून परत येणे हे नोकरदाराच्या रोजच्या जाण्यायेण्यासारखे खासगी मानले जाते. म्हणजे पहिले ७ आणि शेवटचे ३३ गेले. उरले ३३.

याला एक अपवाद आहे. राहते घर हेच त्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण असेल, घरातील एखादी जागा नियमितपणे आणि केवळ त्याच कामासाठी राखून ठेवलेली असेल, तर घरापासूनचे मैलही मोजता येतात. चिरंजीवांकडे अशी एक खोली होती. त्यात मेज, करारपत्रांचे कपाट, किल्ल्यांची फळी. दुसरे काही नाही. त्यांच्या हिशेबनीसानेही ते मान्य केले होते. २०२३ च्या अखेरीस त्या खोलीत मेजाशेजारी दोन खाटा आल्या. त्यांवर आम्ही उभयता निजू लागलो.

वाचकांच्या आता ध्यानात आले असेल की, ‘केवळ त्याच कामासाठी’ हे शब्द आमच्या खाटेपाशी येऊन अडले. २०२५ च्या मार्चमध्ये आधीच्या वर्षाचे कागद जुळवताना हिशेबनीसाने सहज विचारले, खोली पूर्वीसारखीच आहे ना? चिरंजीवांनी लगेच उत्तर दिले नाही. त्याच आठवड्यात घरी आलेल्या एका स्नेह्यांनी, जे स्वतःही घरमालक आहेत, सल्ला दिला की खाटा घटकाभर बाहेर काढून खोलीचे छायाचित्र घेऊन ठेवावे; पाहावयास कोण येतो? चिरंजीव रात्री आमच्याजवळ येऊन बसले व म्हणाले, “बाबा, वही तुमच्या हातची आहे. घरापासूनचे मैल मोजायच्या रकान्यात घ्यायचे का?”

वर्षभराचे एकूण मैल १,४६० होते. त्यांपैकी घराघरांमधले व सामानासाठीचे ६१०. राहत्या घरापासूनचे ८५०. ६७ सेंटांच्या दराने या ८५० मैलांचे ५६९ डॉलर ५० सेंट होतात. ही कराची रक्कम नव्हे, उत्पन्नातील वजावट. शेकडा २२ च्या टप्प्यात तिच्यामुळे वाचणारा संघीय कर सुमारे १२५ डॉलर. आम्ही हे सर्व कागदावर मांडून दाखविले. मग म्हणालो, “अरे, या वहीतली तारीख खरी, मैल खरे, काम खरे. तिच्यात एक रकाना खोटा घातलास तर उरलेले तीन कशाच्या बळावर उभे राहणार? आणि त्या खोलीत गेले वर्षभर आम्ही निजलो, ही गोष्ट छायाचित्र काढल्याने घडली नाही असे होत नाही.”

येथवर बोलणे सोपे होते, कारण ते तत्त्वाचे होते. पुढचे कठीण होते. आम्ही म्हणालो, “गेले वर्ष गेले. पण पुढच्यासाठी खोली खरोखरच मोकळी करू. आम्हां दोघांस दिवाणखान्यात निजावयास काय हरकत आहे? वाड्यात ओसरीवरच निजत होतो.” हे आम्ही सहज म्हणालो असे नव्हे. मुलाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसास आपल्यापायी कोणास काय भुर्दंड पडतो याची चाहूल सतत असते. बहुधा तो भुर्दंड कोणी बोलून दाखवीत नाही, म्हणून अंदाजाने तो मोठा वाटतो. येथे तर सरकारी कायद्यानेच त्याचा आकडा काढून आमच्या पुढे ठेवला होता. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी उशाशी ठेवलेली जपाची माळ उचलून हातात घेतली, हे आम्ही पाहिले.

चिरंजीव गप्पच होते. उत्तर दिले ते सूनबाईंनी, दारात उभ्या राहून. त्या म्हणाल्या, “बाबा, एवढ्या डॉलरांत इथल्या बऱ्याशा हॉटेलात एक रात्र निघायची मारामार. आणि तुम्हां दोघांना त्यासाठी वर्षभर दिवाणखान्यात निजवायचं? हिशेब तुम्हीच करून बघा.” मग चिरंजीव हसले व म्हणाले, “खाट हलायची नाही, बाबा. मैल जाऊ देत.” दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेबनीसास कळविले की ती खोली आता कार्यालय नाही, आईवडिलांची आहे. ६१० मैलांचे ४०८ डॉलर ७० सेंट तेवढे वजा झाले.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. जुन्या ग्रंथांत डोकावण्याची खोड जात नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात अधिकारी राजाचे द्रव्य कोणकोणत्या रीतींनी हरण करतात त्याचे ४० प्रकार मोजले आहेत. त्यात उघड चोरी थोडी. आधी आलेले मागाहून आले असे दाखविणे, एकाचे दुसऱ्याच्या नावावर मांडणे, असे नोंदीतले फेरफारच पुष्कळ. आपल्या पेढ्यांवरची कीर्दही रोजच्या रोज लिहावयाची, ती याच अनुभवातून. स्मरण हे नेहमी आपल्या बाजूने साक्ष देते. डिसेंबरात बसून मार्चचे मैल आठवणारा माणूस लबाड असतोच असे नाही. पण त्याची आठवण पाचाचे सहा करते, सहाचे पाच कधी करीत नाही.

म्हणून ज्यांची मुले तेथे असा उद्योग करीत असतील अशा वडील मंडळींस आमची सूचना आहे की, ती वही त्यांनी आपल्याकडे मागून घ्यावी. तरुणांस वेळ नसतो. आपल्यास तो असतो, आणि अक्षरही बरे असते. मोटार सुटताना व थांबताना मैलमापकावरील आकडा लिहावा, काम एका ओळीत लिहावे, सामानाच्या पावत्या त्याच वहीत टाचाव्या. घर भाड्याने देण्याच्या कामात एखादी खोली खरोखर राखून ठेवलेली असेल तर घरापासूनचे मैलही निःशंक मोजावे. कायदा जे देतो ते घेण्यात संकोच नको. नसेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहावे.

आमच्या वहीत आता असे दोन रकाने आहेत, मोजावयाच्या मैलांचा आणि न मोजावयाच्या मैलांचा. दुसऱ्या रकान्याचा कर भरताना काही उपयोग नाही, हे चिरंजीवांनी आम्हांस सांगून पाहिले. तथापि त्याचीही बेरीज आम्ही दर महिनाअखेर करतो, आणि ती चुकू नये म्हणून सौ.कडून एकदा तपासून घेतो.