बिनतारीची तार

आमच्या घराच्या भिंती दोन फूट रुंदीच्या आहेत. माझे वडील ही गोष्ट पाहुण्यांना अशा अभिमानाने सांगत, की जणू त्यांतला एकेक दगड त्यांनीच खांद्यावरून वाहून आणला असावा. वास्तविक साताऱ्यातले हे घर त्यांच्या आजोबांनी बांधले. काळा दगड, चुना, सागाच्या तुळया आणि वर तक्तपोशी. वैशाखात ओसरीवरून माजघरात पाऊल टाकले, की विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखे वाटते. अशा भिंतींतून चोर येत नाही, ऊन येत नाही, आणि आम्हांला फार उशिरा कळले, की वायफायही येत नाही.

वायफायला आमची आई ‘बिनतारी’ म्हणते. तिचे वडील पोलीसखात्यात होते; तिथे बिनतारी संदेशाची एक खोली असे. तो शब्द तिने लहानपणी उचलला आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत खाली ठेवला नाही. मलाही तो आवडतो. त्यात एक प्रामाणिकपणा आहे.

चार वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस काचेची बारीक तार घेऊन दारात उभा राहिला. तार रस्त्यावरून आली, म्हणून ओसरीत आली. आणि तार ओसरीत आली, म्हणून यंत्रही ओसरीतच, गणपतीच्या कोनाड्याशेजारी बसले. “इथंच बसवू ना?” त्याने विचारले. मी म्हटले, “बसवा.” घरात कोणाला किती ऐकू यावे, याचा निवाडा मी तोंडाला दाढीचा साबण असताना देऊन टाकला.

ओसरीत सारे झकास चालले होते. तिथे माझी आरामखुर्ची होती, दूरदर्शन संच होता, संध्याकाळी येणारी मित्रमंडळी होती. माजघराच्या उंबरठ्यापाशी मात्र चित्रे थबकू लागत, आणि माजघरापलीकडे आईची खोली. तिथे फोनच्या कोपऱ्यातल्या त्या छत्रीच्या काड्यांपैकी एखादीच उभी असे. त्या खोलीत मोबाइलचा साधा आवाजही धड पोचत नाही. भिंतींना काय, सगळ्या लहरी सारख्याच.

पण आईचे गाऱ्हाणे कधी नव्हते. गाऱ्हाणी होती ती आमच्या सौभाग्यवतींची आणि सुट्टीत येणाऱ्या नातवंडांची. त्यांवर मी गृहस्थाला सुचतात तेच दोन उपाय केले. पहिला, पैसे वाढवले. ५० मेगाबिटची गती होती, ती १०० ची करून घेतली. ओसरीतला वेग दुप्पट झाला. मागे काडी एकच राहिली. नळाला पाणी कितीही जोरात आले, तरी परसापर्यंत नळीच गेलेली नसेल तर तिथली तुळस वाळायची ती वाळणारच. दुसरा उपाय, भिंतीतल्या खोबणीत खोचायचे एक पुनरुच्चार करणारे यंत्र आणले. ओसरीतले ऐकायचे आणि पुढे तेच सांगायचे, एवढेच त्याचे काम. पण प्रत्येक गोष्ट एकदा ऐकण्यात आणि पुन्हा सांगण्यात वेळ दुप्पट जातो. शिवाय मी ते अशा ठिकाणी लावले होते, जिथे त्यालाच अर्धे ऐकू येत नव्हते. अर्धे ऐकून सगळे सांगणारी माणसे आपल्या ओळखीत असतातच. त्यांच्यामुळे गोष्ट स्पष्ट झाल्याचे कुणाला आठवत नाही.

अखेर गेल्या वर्षी नवरात्रात माझा भाचा आला. कचेऱ्यांतून असली जाळी विणून देणे हाच त्याचा व्यवसाय आहे. तो फोन तळहातावर आडवा धरून, तोंडाने पुटपुटत, घरभर सावकाश हिंडू लागला. आमच्याकडे शेतात विहीर घेण्याआधी पाणाड्या नारळ हातावर घेऊन हिंडतो, तसा. ओसरीत तो ‘उणे चाळीस’ म्हणाला, माजघरात ‘उणे सत्तर’, आणि आईच्या खोलीत ‘उणे सत्त्याऐंशी’.

“उणे कसं रे?” आईने विचारले. “म्हणजे येणं तर नाहीच, वर आपणच देणं लागतो?”

भाचा हसला. “आजी, शून्यापासून जितकं खाली, तितका आवाज बारीक.”

मग तो मला समजावू लागला, आणि आयुष्यभर बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या मला त्यात रस वाटू लागला. या लहरी दोन जातींच्या. एकीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. ती जरा मंद, पण भिंतीतून वाट काढणारी. दुसरी सुमारे ६ सेंटिमीटरची. चपळ, पण भिंत दिसली की दमणारी. मला आठवले, की जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती. मी तसे म्हणालो. भाचा म्हणाला, “मामा, घंटा एकदाच वाजवायची होती. इथं तासभर बोलायचंय.”

“मग यंत्राचा आवाज मोठा कर की!”

“करून उपयोग काय? यंत्र ओरडेल, ते आजीच्या फोनला ऐकू येईल. पण आजीच्या फोनचा आवाज तेवढाच राहणार. त्याचं बोलणं यंत्राला कोण ऐकवणार? दोन्हीकडून ऐकू आलं तर संभाषण. नाही तर ती दवंडी.”

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरची ठिकाणे विद्यापीठाच्या गणकयंत्राशी बिनतारीने जोडली, ती हकीकतही त्यानेच सांगितली. बोलायची वाट सगळ्यांना मिळून एकच. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही वाया; मग प्रत्येकाने आपापल्या लहरीप्रमाणे थोडे थांबायचे आणि पुन्हा बोलायचे. १९९७ साली घराघरांतल्या या बिनतारीचे पहिले नियम ठरले, तेव्हा हा रिवाज त्यांत उतरला. भर पडली ती एवढीच, की बोलण्याआधी कान द्यायचा, दुसरे कुणी बोलत असेल तर गप्प राहायचे. यंत्रांनी हा नियम पाळला. माणसांचे अजून चालले आहे.

“आणि गंमत अशी,” तो म्हणाला, “लांबच्या खोलीतल्या फोनला ऐकू कमी येतं, म्हणून तो हळूहळू बोलतो. त्याचं संपेपर्यंत बाकीचे थांबतात. मागच्या खोलीकडं दुर्लक्ष केलं, की पुढच्या ओसरीचाही वेळ जातो.”

उपाय त्याने एका वाक्यात सांगितला: बिनतारी सुधारायची तर तार ओढा. ओसरीतल्या यंत्रापासून माजघरापर्यंत एक तार न्यायची आणि तिथल्या तक्तपोशीला दुसरे यंत्र लावायचे. त्याला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. दवाखाने, हॉटेले, कचेऱ्या यांच्या छताला पांढऱ्या ताटलीसारखे काही चिकटवलेले असते, तेच ते. ओसरीतले यंत्र बिचारे घरकाम्या गड्यासारखे; बाहेरची तार तेच सांभाळणार, वाटा तेच दाखवणार आणि वर बोलणारही तेच. या ताटलीला मात्र एकच काम: ऐकणे आणि बोलणे. पन्नास माणसांच्या कचेरीसाठी घडवलेली वस्तू आम्हां चौघांना जड जाईल असे मला वाटले होते. किंमत साडेसहा हजार निघाली. गती वाढवण्याच्या नादात मी वर्षभरात त्याहून फार कमी उधळले नव्हते. शिवाय तिला वेगळी वीज जोडावी लागत नाही. संदेशाच्या तारेतूनच वीजही जाते. १५ वॉटपेक्षाही कमी लागते. अशी तार १०० मीटरपर्यंत नेता येते. आम्हांला १८ लागली.

प्रश्न उरला तो भिंतीचा. दोन फूट दगडाला भोक पाडायचे म्हणजे वडिलांच्या आत्म्याला पाडल्यासारखेच. मी शिडीवर चढून जागा पाहत होतो, तेव्हा खालून आई म्हणाली, “तुळईच्या डावीकडं बघ. भोक आहे तिथं. रेडिओचं.”

चुन्याचा पापुद्रा काढला, तर खरेच बोटभर रुंदीचे भोक होते. आईचे लग्न झाले त्या सुमारास वडिलांनी रेडिओ आणला होता. तेव्हा रेडिओला परवाना लागे. त्याची हवाई तार परसातल्या बांबूपासून माजघरावरून ओसरीत नेलेली. तार आईच्या डोक्यावरून जायची आणि रेडिओ वाजायचा ओसरीत, पुरुषांच्या बैठकीत. “पोळ्या लाटता लाटता जे ऐकू येई ते आमचं,” आई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तांदळात खडे असतात, असे सांगावे तशी ती म्हणाली. मी शिडीवर तसाच उभा राहिलो. साठ वर्षांपूर्वी वडिलांनी केले होते तेच मी चार वर्षांपूर्वी, तोंडाला साबण लावून, पुन्हा केले होते.

त्या भोकातून उलट्या दिशेने तार आली. ताटली तक्तपोशीला बसली. भाच्याने दोन्ही यंत्रांना एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला. आणि ओसरीतल्या यंत्राचा जोर उलट कमी केला. नाही तर म्हणे फोन जुन्या ओळखीला धरून बसतो, जवळचे सोडून लांबच्याकडेच कान लावतो. मग तो आईला म्हणाला, “आजी, लावा आता कुणाला तरी फोन.”

“कुणाला लावू?” आई म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली.

“इंदूरच्या आजीला लावा की.”

आई काही बोलली नाही. दर रविवारी दुपारी चारला दार लोटून इंदूरच्या अक्काशी बोलणारी आई गेल्या दोन महिन्यांत बोललेली मला ऐकू आली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मावशी आईहून चार वर्षांनी मोठी. तिला ऐकू कमी येते. ओठ दिसल्याशिवाय शब्द कळत नाहीत, म्हणून चित्रासहितच बोलावे लागते. आणि बहिणी-बहिणींचे बोलणे काही ओसरीत मित्रमंडळींपुढे होत नाही.

भाच्याने आपणच फोन लावला. मावशीचा चेहरा पडद्यावर उमटला. कपाळावरचे गोंदणसुद्धा दिसत होते. दोघी काही वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

“रागावलीस होय गं छबू?” मावशी म्हणाली.

“मी कशाला रागावू? तूच म्हणालीस, आता तुझ्याकडे यायचं नाही.”

“मी?”

“श्रावणात. दिवाळीला ये म्हटलं, तर म्हणालीस, आता तुझ्याकडे यायचं नाही. आणि बंदच केलास.”

मावशी आईच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. मग तिने कपाळाला हात लावला. “अगं, मी म्हटलं, आता तुझ्याकडे यायचं नाही तर कुणाकडे यायचं! आणि तू गप्पच झालीस. मला वाटलं, मी येते म्हटल्यावर हिला जड झालं.”

वाक्याचा मागचा अर्धा भाग दोन फूट दगडात अडकून राहिला होता. त्यापायी दोन महिने दोन म्हाताऱ्या बहिणी आपापल्या खोल्यांत गप्प बसून होत्या. ऐंशी ओलांडल्यावर दोन महिने म्हणजे थोडे नव्हेत. ते कुठलेही यंत्र भरून देत नाही.

आम्ही दोघे बाहेर आलो आणि दार लोटून घेतले. रात्री मी आईला विचारले, “मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठं?” ती म्हणाली. “तू विचारायचास, नेट लागतंय का. लागत होतं की. ऐकू येत नव्हतं.”

त्यानंतर दिवाळीला मावशी आली. वसुबारसेला आली ती भाऊबिजेनंतर गेली. त्या दिवसांत आईच्या खोलीतून रात्री उशिरापर्यंत कुजबूज आणि मधूनच हसणे ऐकू येई. चकलीची भाजणी कुणाची खरी, यावर एकदा कडाक्याचे भांडणही झाले. भांडण शेवटच्या शब्दापर्यंत दोघींना स्पष्ट ऐकू गेले. आईच्या फोनला त्या आठवड्यात कुणी हात लावला नाही. साडेसहा हजारांची ताटली तक्तपोशीवर आपला बारीकसा निळा दिवा लावून रिकामी बसली होती. तो दिवा विझवताही येतो, असे भाच्याने मला दाखवून ठेवले आहे. मी आईला तसे विचारले. ती म्हणाली, “राहू दे. मागंही कुणीतरी जागं आहे, असं वाटतं.”