‘किताब’ची दोन घरे

अरबीतला ‘किताब’ हा शब्द दोन घरी नांदला. हिंदीत तो स्त्रीलिंगी झाला आणि पुस्तकच राहिला. मराठीतला पदवीवाचक पुल्लिंगी ‘किताब’ मात्र अरबी ‘खिताब’पासून आला. ‘हिंदकेसरी’चा किताब पटकावला जातो. स्वाहिलीत अरबी ‘किताब’चा ‘किताबू’ झाला, आणि आरंभीचा ‘कि’ हाच नामवर्गाचा उपसर्ग मानला गेला. म्हणून ‘किताबू किझुरी किमेआंगुका’, म्हणजे चांगले पुस्तक पडले. अनेकवचनी ‘विताबू विझुरी विमेआंगुका’. जी खूण स्वाहिली शब्दारंभी लावते, ती मराठी शब्दान्ती लावते, एवढाच फरक.

नागपुरात, आमच्या नंदनवनात, मराठी-हिंदी घरे भिंतीला भिंत लावून आहेत. इथली एखादी विद्यार्थिनी सहज लिहून जाते, ‘माझी पुस्तक हरवली.’ लाल शाई तत्काळ धावते. पण ‘माझी’ आणि ‘हरवली’ त्या नामाशी किती इमानाने जुळले आहेत! लिंग हिंदीचे आहे. सुसंगती मात्र निर्दोष आहे.

नपुंसकलिंग शिकवायलाच हवे. ते गेले तर मराठीचे एक दालनच मिटेल. परंतु या मुलीला व्याकरण येत नाही, असा शेरा मारणे अन्यायाचे होय. तिला ते येते. फक्त ते शेजारच्या घरचे आहे.