पाठ नव्हे, गुडघे!

मराठी शिकवता शिकवता माझे केस पिकू लागले. पण एका शब्दापायी आपली अशी फजिती होईल, असे कधी वाटले नव्हते.

आई रोह्याला एकटी राहते. रक्तदाबाची गोळी तिने वेळेवर घ्यावी म्हणून पुतण्याने तिच्या फोनसाठी एक अ‍ॅप तयार केले. पेणला येऊन इंग्रजी शब्दांची यादी माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, "काका, एवढे मराठीत करून द्या." प्राध्यापकी ऐटीत मी ती पंधरा मिनिटांत उरकली. 'बॅक'पुढे बिनदिक्कत 'पाठ' लिहिले.

पुढच्या रविवारी रोह्याला गेलो, तर आई म्हणते, "अरे, हा फोन सारखी पाठ पाठ करतो. माझे दुखतात ते गुडघे!"

मी पोटभर हसलो. पण पुढचे ऐकले आणि हसू मावळले. 'टेकन' हा शब्द माझ्या नजरेतून निसटला होता. ते बटण इंग्रजीतच राहिले. आईला ते वाचता येईना. घेतलेल्या गोळीची नोंद झाली नाही, तासाभराने फोन पुन्हा वाजला आणि त्या आज्ञाधारक माउलीने दुसरी गोळी घेतली! चक्करीवर निभावले, एवढेच.

मग पुतण्याने मला शिकवणी दिली. अँड्रॉइडच्या अ‍ॅपात पडद्यावरचे शब्द 'स्ट्रिंग्ज' नावाच्या वेगळ्या फायलीत ठेवतात. प्रत्येकाला एक नाव असते. पडदा त्या नावाने नुसती हाक मारतो. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचा सुधारला की त्यातून निघणारी प्रत्येक मूर्ती सुधारते, तसेच हे. मूळ शब्दांचे कपाट 'व्हॅल्यूज', मराठीचे 'व्हॅल्यूज-एमआर'. फोन मराठीत असला तर हाक आधी मराठीच्या कपाटात जाते. तिथे शब्द नसला, की मूळ कपाटातला इंग्रजी शब्द निमूटपणे पुढे येतो.

हे 'निमूटपणे' माझ्या मनाला लागले. मराठीला कोणी हाकलीत नाही हो. आपणच तिचा खण रिकामा ठेवतो, आणि ते कळतही नाही.

त्याच संध्याकाळी आईशेजारी बसून, तिला विचारीत, मी 'परत जा' आणि 'गोळी घेतली' लिहून दिले.

परवा तिचा फोन आला. "आता हा नीट बोलतो हो. तेवढं गुडघ्यांचंही विचारायला सांग त्याला!"